साहित्य आणि कृती : संगणकाच्या प्रयोगवहीची गोष्ट

२०२१ च्या जुलैमध्ये मला एका विद्यार्थिनीचे पत्र आले. आमच्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधलेखातील आलेख तिला स्वतः काढून पाहायचा होता. घाटमाथ्यावरील काही केंद्रांच्या पावसाच्या नोंदी आणि त्यांवरून काढलेल्या सरासऱ्या, असे त्या आलेखाचे स्वरूप होते. नोंदी तिला मिळाल्या होत्या. आम्ही लिहिलेली आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, मी तिला आधीच पाठवली होती. तरीही तिचा आलेख आमच्या आलेखाशी जुळेना. सगळी रेषाच किंचित वर सरकलेली होती. "मॅडम, माझे कुठे चुकते आहे?" असे तिने विचारले होते.

तिचे काहीच चुकत नव्हते. चूक आमची होती आणि ती सापडायला मला तीन आठवडे लागले. ज्या संगणकावर आम्ही ते काम केले होते तो केव्हाच मोडीत गेला होता. ज्या सहकाऱ्याने तो मांडला होता तो दुसऱ्या देशात होता आणि त्यालाही नक्की काही आठवत नव्हते. आज्ञावली पायथन या संगणकभाषेत होती. या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत सात भागिले दोन असे विचारले, तर उत्तर ३ येते. दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच द्यायचा, दशांश टाकून द्यायचे, असा तिचा नियम. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हा नियम बदलला आणि उत्तर ३.५ येऊ लागले. आमचे काम दुसऱ्या आवृत्तीत झाले होते. पाऊस पूर्ण मिलिमीटरमध्ये नोंदलेला, त्यामुळे प्रत्येक केंद्राची सरासरी काढताना दशांश गळून पडत होते. नंतर सर्व केंद्रांची एकत्र सरासरी दुसऱ्या पद्धतीने काढली जात असल्यामुळे आलेखात पायऱ्या दिसल्या नाहीत आणि आम्हाला शंका आली नाही. विद्यार्थिनीने जुनी आज्ञावली तिसऱ्या आवृत्तीवर चालवली. छापण्याच्या आज्ञांना कंस हवे होते, ते तिने घातले. भागाकाराबद्दल मात्र संगणकाने कसलीच तक्रार केली नाही. तिचा आलेख बरोबर होता, आमचा चुकीचा. नियतकालिकाकडे चार ओळींची दुरुस्ती पाठवावी लागली.

शाळेतल्या प्रयोगवहीत आपण उद्दिष्ट, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे मथळे घालून घेतो. विद्यार्थ्यांना 'साहित्य' हा मथळा कंटाळवाणा वाटतो आणि बरेच जण तो शेजारच्याच्या वहीतून उतरवून काढतात. आमची आज्ञावली म्हणजे 'कृती' होती. ती आम्ही जपून ठेवली. 'साहित्य' मात्र कुठेच लिहिले नव्हते. कोणती भाषा, तिची कोणती आवृत्ती, सोबतची कोणती उपकरण-संग्रहालये, खालची कोणती कार्यप्रणाली, यांतले एक अक्षरही लेखात नव्हते. आम्ही एकटेच असे बेफिकीर होतो असे नाही. संगणकाच्या जगात साहित्य लिहून ठेवण्याची रीत फार सावकाश पडत गेली आणि तिचा इतिहास मनोरंजक आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, १९७६ साली करू. तिथे स्टुअर्ट फेल्डमन नावाचे संशोधक होते. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन चिडून त्यांच्या खोलीत आले. त्यांची सबंध सकाळ एका दुरुस्त झालेल्या आज्ञावलीतली चूक शोधण्यात गेली होती! माणसाने लिहिलेली आज्ञावली संगणकाला समजेल अशा रूपात आणावी लागते. जॉन्सन यांनी मूळ लेखनातली चूक काढली होती, पण नंतर ते रूपांतर करायचे राहिले. त्यामुळे संगणक जुनेच रूप चालवत होता. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी असाच अनुभव आला होता. त्यांनी त्या शनिवार-रविवारी 'मेक' नावाचे साधन लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलींवरून बनते आणि ती बनवायला कोणती आज्ञा द्यायची, हे एका 'मेकफाइल'मध्ये लिहायचे. मग 'मेक' प्रत्येक फाइलीची वेळ पाहते आणि मूळ फाइल नवी व तयार फाइल जुनी असेल, तर तेवढीच पुन्हा बनवते. बांधणीच्या सूचना माणसाच्या डोक्यातून कागदावर आल्या, त्या इथे. २००३ साली या कामासाठी फेल्डमन यांना संगणकशास्त्रातला एक मोठा पुरस्कारही मिळाला.

मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते. तिथे मोकळ्या जागा टंकल्या तर चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. या नियमाने अनेक पिढ्यांना रडवले आहे. तो चुकीचा आहे हे फेल्डमन यांना थोड्याच आठवड्यांत उमगले होते. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. बारा जणांची भीड पडली आणि पुढच्या लाखोंना ती भोवते आहे.

मेकला कृती कळत होती, पण साहित्याची हमी देता येत नव्हती. मेकफाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे हवे ते साधन नसले, किंवा वेगळ्या आवृत्तीचे असले, तर सगळे अडे. यावर एक उपाय असा, की बांधणीचे काम बंद खोलीत करायचे. खोलीत जे आहे तेवढेच वापरायचे, बाहेरचे काही दिसताच कामा नये. म्हणजे खोलीत काय काय लागते ते आपोआप कळते. युनिक्स कार्यप्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत 'सीएच-रूट' नावाची एक आज्ञा आली, ती नेमके हेच करते. एखाद्या कामाला ती सांगते की फाइलींच्या झाडाचे मूळ इथे आहे, याच्या वर काही नाही. बर्कली विद्यापीठात तयार होणाऱ्या युनिक्समध्ये बिल जॉय यांनी ती मार्च १९८२ मध्ये घातल्याची नोंद सापडते. ती कशासाठी घातली असेल? त्या वेळचे त्यांचे सहकारी कर्क मॅक्युसिक यांचा अंदाज असा, की नवी कार्यप्रणाली केवळ स्वतःच्याच फाइलींवरून बांधता येते की नाही, हे तपासण्यासाठी. म्हणजे आजच्या कंटेनरचा हा पूर्वज सुरक्षेसाठी नव्हे, तर स्वच्छ बांधणीसाठी वापरात आला असावा. मला हा अंदाज फार आवडतो.

पुढची वीस-पंचवीस वर्षे या खोलीच्या भिंती पक्क्या करण्यात गेली. २००० साली फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीत 'जेल' आले, २००५ मध्ये सोलारिस १० मध्ये 'झोन' आले. लिनक्समध्ये २००२ पासून एकेक पडदा उभा राहत गेला आणि २००८ च्या आरंभी कोणाला किती स्मृती व किती प्रक्रियाशक्ती वापरू द्यायची, याचे मोजमापही आले. ही रचना समजायला जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्यात बिऱ्हाडे वेगळी, दारे वेगळी, चुली वेगळ्या. पण जोते, आड आणि दिंडीदरवाजा एकच. कंटेनर म्हणजे असे एक बिऱ्हाड. कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो सगळ्यांचा सामाईक. याआधी प्रत्येक कामासाठी एक सबंध आभासी संगणक उभा करण्याची पद्धत रूढ होती. ती म्हणजे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र बंगला. त्यात खासगीपणा अधिक, पण खर्चही अधिक.

कंटेनर हा शब्द अर्थातच जहाजावरून आला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल-एक्स' या जहाजाने न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या नेल्या, तिथून मालवाहतुकीचे हे नवे युग सुरू झाले असे मानतात. न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्यावर ज्या लांबलचक पेट्या आपण पाहतो, त्यांची महती त्यांच्या ठरलेल्या मापात आहे. आत कापूस आहे की यंत्रे, याच्याशी क्रेनला देणेघेणे नसते.

आता आपण २०१३ सालात येऊ. अमेरिकेत डॉटक्लाउड नावाची एक छोटी कंपनी होती. इतरांच्या आज्ञावल्या आपल्या संगणकांवर चालवून देणे हा तिचा व्यवसाय. १५ मार्च २०१३ रोजी सांता क्लारा इथे पायथनच्या परिषदेत या कंपनीचे सोलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांचे एक भाषण दिले आणि 'डॉकर' हे साधन दाखवले. ब्रिटिश इंग्रजीत गोदी कामगाराला डॉकर म्हणतात. थोड्याच दिवसांत ते साधन सर्वांना खुले झाले आणि त्याच वर्षी कंपनीने स्वतःचे नावही बदलून डॉकर असे घेतले.

डॉकरने कंटेनर शोधून काढला नाही, हे वरच्या हकिकतीवरून लक्षात आले असेलच. त्याने ठरलेल्या मापाची पेटी दिली. या पेटीला 'इमेज' म्हणतात. आज्ञावली आणि तिला लागणाऱ्या साऱ्या फाइली यांचा गोठवलेला ठसा म्हणजे इमेज, आणि तो ठसा चालू केला की झाला कंटेनर. पहिल्या काही आठवड्यांत इमेज बनवण्याची रीत अशी होती : रिकामा कंटेनर चालू करा, आत जाऊन हाताने हवे ते बसवा आणि शेवटी 'कमिट' ही आज्ञा देऊन सगळे गोठवा. इमेज तयार होई, चालेही. पण आत काय काय केले ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. तयार लोणच्याची बरणी मिळाली, पण त्यात मीठ किती ते कुणालाच सांगता येत नाही, तशातला प्रकार. आमच्या २०१३ च्या संगणकाचेही असेच झाले होते.

जून २०१३ च्या ०.४ या आवृत्तीत डॉकरने 'बिल्ड' ही आज्ञा आणली आणि तिच्याबरोबर 'डॉकरफाइल' आली. ही साध्या अक्षरांची फाइल असते. वाचायला कोणतेही खास साधन लागत नाही. एक नमुना पाहू. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहितात, इथे उच्चार देवनागरीत दिले आहेत :

फ्रॉम पायथन:३.११
रन पिप इन्स्टॉल नमपाय
कॉपी पाऊस.पाय /काम/
सीएमडी पायथन /काम/पाऊस.पाय

पहिली ओळ सांगते की सुरुवात कशावरून करायची. कुणीतरी आधीच बनवलेली, पायथनची ३.११ ही आवृत्ती असलेली इमेज घ्या. दुसरी ओळ : तिच्यात नमपाय हे गणिती संग्रहालय बसवा. तिसरी : माझ्या संगणकावरची पाऊस.पाय ही फाइल 'काम' या कप्प्यात ठेवा. चौथी ओळ मात्र निराळी आहे. 'रन' ही आज्ञा इमेज बांधताना पाळली जाते. 'सीएमडी' बांधताना नुसती लिहून ठेवली जाते आणि कंटेनर चालू केल्यावर पाळली जाते. नवशिके इथे हमखास चुकतात. स्वयंपाकाची कृती आणि पानात वाढण्याची सूचना यांच्यात जो फरक, तोच इथे आहे.

आता या फाइलीवरून इमेज कशी बनते, हे जरा सावकाश पाहायला हवे, कारण खरी गंमत आणि खरे धोके तिथेच आहेत. जुन्या शिक्षकांना ओव्हरहेड प्रोजेक्टर आठवत असेल. एका पारदर्शिकेवर महाराष्ट्राची सीमा, तिच्यावर ठेवलेल्या दुसरीवर नद्या, तिसरीवर लोहमार्ग. पडद्यावर मात्र एकच नकाशा दिसे. इमेज अशीच थरांची असते. फाइली बदलणारी प्रत्येक ओळ पाळून झाली की झालेला बदल एका थरात गोठवला जातो आणि पुढची ओळ त्याच्यावर नवा थर चढवते. खालच्या थराला पुन्हा हात लावता येत नाही. अशी थर रचण्याची फाइलव्यवस्था डॉकरच्या आधीपासून होती. सुरुवातीला डॉकरने 'एयूएफएस' नावाची वापरली. तिच्यावर तेव्हा ४२ थरांची मर्यादा होती, म्हणून लोक चार-चार आज्ञा जोडून एकाच ओळीत लिहीत. मर्यादा पुढे वाढली, तरी ती सवय राहिली. तिला दुसरेही कारण आहे, ते पुढे येईलच.

थरांचा मोठा फायदा असा, की फाइलीतली शेवटची ओळ बदलली तर आधीचे थर पुन्हा बांधावे लागत नाहीत, तयार असलेले तसेच वापरले जातात. मात्र मधली एखादी ओळ बदलली, तर तिच्यानंतरचे सारे थर नव्याने बांधावे लागतात. त्यामुळे लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. जे क्वचित बदलते ते वर लिहायचे, जे रोज बदलते ते खाली. वरच्या नमुन्यात संग्रहालय आधी आणि आपली आज्ञावली नंतर आली, ती याचसाठी. उलट लिहिले तर आज्ञावलीत एक स्वल्पविराम बदलला तरी संग्रहालय पुन्हा उतरवून घ्यावे लागेल. १९७६ च्या मेकमध्ये जे काम फाइलीची वेळ करत होती, तेच इथे ओळींचा क्रम करतो.

पण डॉकर तयार थर वापरायचा की नाही, हे 'रन'च्या बाबतीत केवळ ओळीतील अक्षरांवरून आणि खालच्या थरांवरून ठरवते. बाहेरचे जग बदलले आहे का, हे ते पाहत नाही. डेबियन या लिनक्सच्या कुळात एखादे साधन बसवताना आधी 'ॲप्ट-गेट अपडेट' ही आज्ञा देऊन भांडाराची ताजी यादी आणायची आणि मग 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल'ने साधन उतरवायचे, असा रिवाज आहे. पुष्कळांनी या दोन आज्ञा दोन ओळींत लिहिल्या. पहिल्या दिवशी सगळे ठीक. सहा महिन्यांनी दुसऱ्या ओळीत एक नवे साधन वाढवले. पहिली ओळ तीच, म्हणून डॉकरने सहा महिन्यांपूर्वीची गोठलेली यादी पुढे केली. त्या यादीतली आवृत्ती भांडारातून केव्हाच काढलेली असते, आणि बांधणी मोडते. गेल्या वर्षीचे वेळापत्रक हातात घेऊन फलाटावर उभे राहण्यासारखे हे आहे. उपाय इतकाच, की दोन्ही आज्ञा जोडून एका ओळीत लिहायच्या. म्हणजे ओळ बदलली की यादीही नवी येते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. समजा, एका ओळीत आपण गुप्त संकेतशब्द असलेली फाइल आत घेतली, तिचा वापर केला आणि नंतरच्या ओळीत ती पुसून टाकली. तयार इमेजमध्ये पाहिले तर फाइल दिसत नाही. पण पारदर्शिकांची रास आठवा. खालच्या पारदर्शिकेवरचे गाव नकोसे झाले तर आपण वरच्या पारदर्शिकेवर त्या जागी कागदाचा तुकडा चिकटवतो. खालचे गाव जागच्या जागी असते. थरांमध्येही पुसणे म्हणजे झाकणे. इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला थर सुटे करून खालची फाइल सहज वाचता येते. असे संकेतशब्द उघड झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. याच कारणाने नंतरच्या ओळीत कचरा पुसून इमेजचा आकारही कमी होत नाही. आणायचे, वापरायचे आणि पुसायचे हे सारे एकाच ओळीत केले तरच उपयोग. आज्ञा जोडून लिहिण्याचे दुसरे कारण म्हणतात ते हे.

या भाषेच्या बाकीच्या सुधारणा थोडक्यात सांगते. फाइल आत घेण्यासाठी आधी 'ॲड' ही आज्ञा होती. पण ती दिलेला गठ्ठा न विचारता सोडवायची आणि आंतरजालावरूनही फाइली आणायची. म्हणून २०१४ मध्ये फक्त नक्कल करणारी साधी 'कॉपी' आली. मे २०१७ मध्ये एकाच डॉकरफाइलमध्ये अनेक टप्पे लिहिण्याची सोय झाली. पहिल्या टप्प्यात सगळी अवजारे घेऊन आज्ञावली बांधायची, दुसऱ्यात फक्त तयार वस्तू उचलून घ्यायची. डबा भरताना आपण पोळपाट-लाटणे आत घालत नाही, तसे. फेब्रुवारी २०२३ पासून 'बिल्डकिट' नावाचे नवे बांधणीयंत्र लिनक्सवरच्या डॉकरमध्ये आपोआप वापरले जाऊ लागले. त्यात संकेतशब्द थरात न उतरवता तेवढ्यापुरता दाखवता येतो.

शास्त्रज्ञांचे याकडे लक्ष लवकर गेले. कार्ल बोटिगर या अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाने २०१५ साली एक लेख लिहून संशोधन पुन्हा करून पाहण्यासाठी डॉकर कसे वापरता येईल ते मांडले. त्याच्या म्हणण्यातला एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. डॉकरफाइल हे एकाच वेळी माणसाने वाचायचे टिपण आहे आणि यंत्राने पाळायची आज्ञाही आहे. नुसत्या टिपणात "मग आवश्यक ती संग्रहालये बसवावीत" असे मोघम वाक्य खपून जाते. डॉकरफाइलमध्ये ते खपत नाही, कारण यंत्र तिथेच अडते. महासंगणकांवर मात्र डॉकरला सहजी प्रवेश मिळाला नाही. ते चालवणाऱ्याला जवळपास संगणकाच्या मालकाइतके अधिकार मिळतात, आणि शेकडो जणांच्या सामाईक यंत्रावर हे कोण चालवून घेईल? त्यासाठी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील ग्रेगरी कुर्त्झर यांनी २०१६ च्या सुमारास 'सिंग्युलॅरिटी' हे निराळे साधन आणले. त्याचीही स्वतःची बांधणीफाइल असते. २०२० मध्ये तर एका संशोधन-नियतकालिकात डॉकरफाइल कशी लिहावी याचे दहा नियम देणारा लेख आला.

तर मग आमच्याकडे २०१३ साली डॉकरफाइल असती, तर प्रश्न सुटला असता का? अर्धा सुटला असता. पहिल्या ओळीत पायथनची आवृत्ती दिसली असती आणि तीन आठवड्यांचे काम तीन मिनिटांत झाले असते. पण ती फाइल आज पुन्हा बांधली तर तीच इमेज मिळेल, अशी खात्री नाही. वरच्या नमुन्याकडे पुन्हा पाहा. 'नमपाय बसवा' असे म्हटले आहे, कोणते नमपाय ते म्हटलेले नाही. बांधणीच्या दिवशी जे ताजे असेल ते येईल. 'पायथन:३.११' हेसुद्धा एक लेबल आहे. किरकोळ दुरुस्त्या झाल्या की तेच लेबल नव्या इमेजवर चिकटवतात. 'लेटेस्ट' हे लेबल तर शाळेच्या फळ्यावरच्या 'आजचा सुविचार' या मथळ्यासारखे आहे. मथळा कायम, खालचा मजकूर बदलता. फेब्रुवारी २०१६ पासून इमेजची ओळख तिच्या मजकुरावरून काढलेल्या ६४ अक्षरांच्या ठशाने पटते. पहिल्या ओळीत लेबलाऐवजी हा ठसा लिहिला तर निदान पाया तरी हलत नाही.

भांडारेही कायमची नसतात. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांची नावे देतात. त्यांतील 'जेसी' ही आठवी आवृत्ती जुनी झाल्यावर मार्च २०१९ मध्ये तिच्या भांडाराचा एक भाग नेहमीच्या पत्त्यावरून काढला गेला, आणि तिच्यावर आधारलेल्या अनेक डॉकरफाइली एकाएकी बांधता येईनात. त्यांतले एक अक्षरही बदललेले नव्हते. पाककृती तीच, पण वाणी दुकान हलवून गेला.

या प्रश्नाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न डॉकरच्या आधीच झाला होता. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली 'निक्स' या व्यवस्थेवर प्रबंध लिहिला. तिच्यात प्रत्येक साधनाचा पत्ता त्याला लागणाऱ्या सर्व घटकांवरून काढलेला असतो. एक घटक बदलला की पत्ताच बदलतो. 'साहित्य' मोघम लिहिण्याची सोयच तिथे ठेवलेली नाही. ती शिकायला अवघड आहे आणि वापरणारे तुलनेने थोडे आहेत. डॉकरफाइल अर्ध्या तासात शिकता येते. लोकांनी सोपे ते उचलले यात नवल नाही. आमच्या गटातही डॉकरफाइलच वापरतात, आणि मला निक्सबद्दल आदर असूनही मी कुणाला तसा आग्रह केलेला नाही.

मग जपायचे काय, कृती की तयार पेटी? नुसती इमेज ठेवली तर चालते, पण का चालते ते कळत नाही. नुसती डॉकरफाइल ठेवली तर सगळे कळते, पण दहा वर्षांनी ती चालेल याचा भरवसा नाही. आम्ही आता दोन्ही ठेवतो, आणि इमेजचा ६४ अक्षरी ठसा लेखाच्या परिशिष्टात छापतो. परीक्षकांनी एकदा विचारले होते, की ही अक्षरांची रांग चुकून आली आहे का.

ती विद्यार्थिनी पुढे काही महिन्यांनी भेटायला आली. तिने आमच्या २०१३ च्या लेखासाठी, आठ वर्षांनंतर, एक डॉकरफाइल लिहून आणली होती. एकूण अकरा ओळी. ती चालवली की आमचा जुना, चुकीचा आलेख जसाच्या तसा निघतो. सर्वांत वरची ओळ 'फ्रॉम पायथन:२.७' अशी आहे आणि तिच्या डोक्यावर तिने शेरा लिहिला आहे : इथे भागाकारात दशांश गळतात.